भरल्या हंड्याइतकी सायकल

५ मार्च, सकाळी साडेनऊ. अंगणवाडीच्या दारातलं लिंबाचं झाड. हजर : मुलं एकवीस, त्यांच्या आया सोळा, आज्या तीन, मदतनीस कमल आणि मी. गैरहजर : सायकल.

सायकलीची गैरहजेरी मांडावी लागते, कारण गेले सव्वीस महिने ती दर पाच तारखेला वजनाला आलेली आहे. इतकी नियमित हजेरी गावातल्या एकाही मुलाची नाही. मुलं मामाच्या गावाला जातात, तापाने फणफणतात, आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. सायकल कुठे गेली नाही, की कधी आजारी पडली नाही.

धारूरच्या डोंगराखालच्या या गावात मी एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. महिन्याच्या पाच तारखेला वजनं. लिंबाच्या फांदीला गोल तबकडीचा काटा टांगायचा, त्याला कापडी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मग मूल बसवायचं. मूल भोकाड पसरतं, काटा थरथरतो, मूल दम घ्यायला थांबतं तेवढ्यात आकडा वाचायचा. शेवटचं मूल खाली उतरलं की बायकांच्या मागून सायकल ढकलत सोपानबप्पा पुढे यायचे.

"झाली का तुमची लेकरं? आता माझं लेकरू घ्या."

सायकल काही झोळीत मावत नाही. म्हणून झोळी काढून तिच्या जागी बप्पा आपलं दावं अडकवायचे. मनगटाएवढं जाड, टोकाला लोखंडी कडी, आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात बैल बांधलेलं. त्या दाव्याला सायकल लोंबकळायची, चाकं हवेत फिरायची, मुलं टाळ्या वाजवायची, आणि बप्पा हात मागे बांधून, श्वास रोखून काट्याकडे बघत राहायचे. कुठल्याही आईला मी पोराच्या वजनाकडे इतक्या जिवाने बघताना पाहिलेलं नाही.

"तुमच्या लेकरांचं वाढाया पाहिजे, माझ्याचं घटाया पाहिजे," ते आयांना सांगायचे. "वाढवायला काय, खाऊ घातलं की झालं. घटवायला अक्कल लागती."

तो आकडा मी सरकारी रजिस्टरात कधीच लिहिला नाही. माझी स्वतःची एक वही आहे, तिच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. तारीख, वजन, काय बदललं. मला लिहून ठेवायची सवय आहे. घरात सिलिंडर कधी लावला हेसुद्धा मी दारामागे लिहिते.

सोपानबप्पा दवाखान्यात परिचर होते. डॉक्टर सुई टोचायचे, बप्पा जनावर धरायचे. तीस वर्षं जनावरं धरल्यामुळे त्यांना समोरच्या कुठल्याही जिवाचं वजन नजरेनेच कळतं, आणि कळलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आजारातून उठले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, बरं वाटतं का. बप्पा म्हणाले, "बाई, तीन किलो उतरलाव. पेंड सुरू करा." सरपंचांविषयी त्यांचं मत असं, की ऐंशी किलोचा माणूस हाय, पर त्यातला चार किलो नुसता आवाज हाय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काटा खोटं बोलत न्हाई. काटा बघणारा बोलतो." एकदा धारूरच्या बाजारात एक व्यापारी बोकड तोलत होता. बप्पांचा त्या बोकडाशी काही संबंध नव्हता. तरी ते मध्ये घुसले. "आधी साखळी उतरव बे. साखळीला काय मटण लागलंय?" व्यापारी म्हणाला, किती असंल साखळीचं, अर्धा किलो. बप्पा म्हणाले, "अर्धा किलो खोटं म्हंजे पुरं खोटं." बाजार बघत राहिला. साखळी उतरली. ही हकिकत बप्पांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. तिच्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

आता सायकलीचं. ती साधी सायकल नाही. डोंगरात चालवायची, बॅटरीवरची. पायडल आपणच मारायचं, पण चढ आला की आतली लहानशी मोटर पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखी मदत करते. तिचा सांगाडा कुठल्याशा काळ्या धाग्याच्या पदार्थाचा आहे, बोटाने वाजवला तर भोपळ्यासारखा वाजतो. गावातला एक माणूस पुण्यात सायकलींच्या दुकानात कामाला आहे, त्याने बप्पांना वापरलेली मिळवून दिली. त्यातल्या त्यात हलकी हीच, असं तो म्हणाला. बप्पांनी हातात उचलली आणि म्हणाले, "हलकी हाय. पर आक्काला जड हाय."

आक्का म्हणजे बप्पांची थोरली बहीण, यमुनाआक्का. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी. सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. डोंगराच्या वर माळ आहे, तिथे तिची वस्ती. एक खोली, मेंढरं कोंडायला एक वाडगं, तिच्या हातची वीस-बावीस मेंढरं. अडीच वर्षांपूर्वी तिचा गुडघा बसला. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला. मेंढरं शेजारच्या हरिभाऊंच्या कळपात गेली आणि आक्का खाली भावाकडे आली.

ती आली ती पाहुणी म्हणूनच. बोचकंसुद्धा तिने पुरतं सोडलं नाही. सकाळी उठली की दारात उभी राहून आधी डोंगराकडे बघायची. "माझी चूल थंड पडली गं," मला म्हणायची. "खालच्या चुलीवर भाकरी फुगती, पर ती माझी न्हाई."

वर जायला गाडीरस्ता नाही. पायवाट आहे, आणि निम्म्यावर एका ठिकाणी खडकाच्या तीन पायऱ्या आहेत, गुडघ्याएवढ्या. मोटरसायकल तिथे अडते. लोकांनी सुचवलं, आक्काला खाटेवर घालून चौघं नेऊ. आक्का म्हणाली, "खाटंवर माणूस एकदाच जातं. तवा न्या."

मग बप्पांनी सायकल आणली. पायवाटेवर ही चालेल, पायऱ्यांपाशी उतरायचं, सायकल उचलून वर ठेवायची, पुन्हा बसायचं. मी उचलतो की, ते म्हणाले. आक्का म्हणाली, "तू किती दिस येशील सोप्या? मला माझं मी जायचं आन् माझं मी यायचं." आणि तिने अट घातली. "जलमभर भरला हंडा उचलला. गुडघा गेला तरी तेवढं अजून उचलतं. सायकल भरल्या हंड्याएवढी कर. मग मी चालले बघ माझ्या घराला."

हंड्याचं वजन अंगणवाडीतच झालं. आक्काने स्वतः आणून, काठोकाठ भरलेला हंडा मुलांच्या झोळीत बसवला. झोळी चिंब भिजली, त्या दिवशी पुढची तीन मुलं ओल्या झोळीत बसली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने रडली. हंडा भरला सतरा किलो. मग झोळी निघाली, दावं अडकलं, सायकल चढली. एकोणीस किलो नऊशे.

"दोन किलो नऊशे जास्त," मी लिहिलं.

"एवढंच न्हवं का," बप्पा म्हणाले. "दोन बकऱ्याची पिल्लं."

तिथून ते सुरू झालं. पुण्याहून पार्सलं येऊ लागली. आधी टायरमधल्या ट्यूबा निघाल्या. त्यांच्या जागी आत पांढरं दाट औषध ओतलं, बाभळीचा काटा घुसला की ते आपोआप भोक बुजवतं. मुलांनी ते पाहिलं आणि गावभर सांगितलं, की बप्पांनी सायकलीला दूध पाजलं. कमलने त्या दिवशी अंगणवाडीतला दुधाचा डबा दोनदा तपासला. चारशे ग्रॅम गेले.

मग बोल्ट. लोखंडी बोल्ट काढून कुठल्याशा हलक्या धातूचे. आमच्या काट्यावर एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. बप्पा आठ ग्रॅमचा बोल्ट बदलून यायचे आणि काटा जागचा हलायचा नाही. "तुमचा काटा बहिरा हाय," ते म्हणाले आणि बोल्टांची पुडी घेऊन बाजारात सोनाराकडे गेले. सोनाराने चष्मा लावून एकेक बोल्ट काचेच्या पेटीतल्या तराजूत ठेवला आणि विचारलं, घडणावळ करायची का? तेव्हापासून माझ्या वहीत काही नोंदी तोळ्यात आहेत.

पर्यवेक्षिका मॅडम एकदा न सांगता आल्या. नेमकी सायकल टांगलेली. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, रजिस्टराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही कोणत्या गटात?"

मी म्हणाले, "लाभार्थी नाही मॅडम. पाहुणी आहे."

"तीव्र वजनात हाय, मॅडम," बप्पांनी आदबीने सांगितलं. "पर सुधारणा हाय. चार्ट काढून दाखवू का?"

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चार्ट पाहिला.

नुसतं वजन घटवणं सोपं वाटावं, इतकं पुढचं काम अवघड होतं. कारण सायकल नुसती हलकी करून भागत नव्हतं, ती आक्काच्या अंगालाही बसायला हवी होती. आणि जे अंगाला बसतं ते बहुतेक जड असतं. बप्पांनी जनावराच्या छातीचा घेर मोजायची टेप काढली आणि आक्काला भिंतीला उभं केलं.

"मला बाजारात न्यायचं हाय का?" आक्का.

"गप उभी ऱ्हा. खांदं मोजतोय."

"वय सांगू का? दात बघतूस?"

खांद्यांच्या मापाने हँडल दोन्हीकडून तीन-तीन सेंटिमीटर कापलं. पायडलच्या दांड्या आखूड घातल्या, गुडघा कमी वाकावा म्हणून. इथपर्यंत वजन आणि माप दोन्ही एका बाजूला होते. मग सीट आली. पुण्याहून आलेली हलकी सीट तळहाताएवढी होती. आक्का तिच्यावर बसली आणि लगेच उतरली. "ही बसायची जागा हाय का विळी?" जुनी गुबगुबीत सीट परत बसली, दोनशे ग्रॅम परत आले. सीटखालचा दांडा एका बटणाने खाली-वर होणारा होता. तो जड म्हणून बप्पांनी काढून साधा घातला, तर आक्काचे पाय जमिनीला पोचेनात. तो परत आला, तीनशे ग्रॅम परत आले. लुगड्याचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून झाकण लागलं. त्याचे एकशेचाळीस ग्रॅम बप्पांना फार लागले. "आक्का, सलवार घाल की."

"तू घाल," आक्का म्हणाली. "तू हलका होशील."

शाळेच्या पटांगणात ती आठ दिवसांत सायकल शिकली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, ओठ आवळून. पहिल्यांदा मोटरने मागून ढकललं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "कोण हाय रे?" मागे कोणी नव्हतं. पटांगणाच्या कडेला आम्ही सगळ्या हसून हसून बसलो. ती मात्र हसली नाही. तिने एक पुरा वळसा घातला, डोंगराच्या बाजूला तोंड आलं तेव्हा ब्रेक दाबला आणि तशीच उभी राहिली.

पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या वजनाला, सायकल सतरा किलो नऊशे भरली. "नऊशेच ऱ्हायलं," मी म्हणाले. बप्पांनी सायकल खाली घेतली, दावं सोडलं आणि ते हातात तोलत बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, पुढच्या बोल्टाचा विचार चाललाय. मी काटा काढून पिशवीत घातला. माझ्या यादीत त्या दिवशी अजून सात कामं होती.

तिथून पुढे सायकल घटायची थांबल्यासारखी झाली. महिन्याला कधी शून्य, कधी शंभर. वर्षभराने ती कशीबशी सतरा चारशेवर आली. बप्पा आता बारीक बारीक गोष्टींमागे लागले. ब्रेकच्या तारा आखूड केल्या. हँडलवरची रबरी मूठ काढून स्पंजाची घातली. रंग खरवडावा का, याचीही चर्चा झाली. संध्याकाळी त्यांच्या दारावरून गेलं, की सायकल उलटी ठेवलेली, बप्पा मांडी घालून बसलेले, आणि शेजारी आक्का, बोल्ट फिरवायचे पाने हातात घेऊन. "पाचाचा दे." "हा घे." "ह्यो सहाचा हाय." "मग तसं म्हण की." चुलीवर काहीतरी रटरटत असायचं. आक्का आली तेव्हा बप्पांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी लांब दिलेली. त्याआधी त्या घराच्या दारात मी कधी उजेड पाहिला नव्हता. पण मी सेविका आहे, मी मुलं मोजते. हे कुठल्या रकान्यात मांडायचं?

आक्का मात्र आपल्या बाजूने तयारीत होती. रोज सकाळी भरला हंडा उचलायची, दारापासून लिंबापर्यंत न्यायची आणि परत आणायची. पाण्यासाठी नव्हे, नळ दारातच आहे. "हात विसरू नये म्हणून," ती म्हणायची. "सायकल आज हुईल, उद्या हुईल. मी तयार नको का?"

या जानेवारीत एका सकाळी हंडा उचललेला असताना ती ओल्या फरशीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अंबाजोगाईला नेऊन ऑपरेशन केलं. वीस दिवसांनी ती खाटेवरून परत आली. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत वॉकर धरून घरात चालतील. बप्पांनी विचारलं, सायकल? डॉक्टरांनी बप्पांकडे पाहिलं आणि दुसऱ्या पेशंटला बोलावलं.

तरी पाच फेब्रुवारीला सायकल वजनाला आली. "आक्काच म्हणली, न्हे," बप्पा एवढंच बोलले. सतरा चारशे.

त्याच महिन्यात अंगणवाडीला नवा काटा मिळाला, जमिनीवर ठेवायचा, आकडे उमटणारा. जुना तालुक्याला जमा करायचा होता. मी सामानाची यादी करायला बसले. जुना काटा एक, झोळ्या दोन, टांगायचा लोखंडी आकडा एक. खिळ्याला बप्पांचं दावं लटकत होतं. ते सरकारी नाही, म्हणून बाजूला ठेवायला उचललं आणि तशीच थांबले.

नव्या सेविका येतात तेव्हा मीच त्यांना शिकवते. आधी झोळी, मग शून्य, मग लेकरू. झोळीचं वजन लेकराच्या नावावर पडू द्यायचं नाही. एकोणीस वर्षांत माझं एक वजन चुकलेलं नाही, असं मी मिटिंगमध्ये बोललेली आहे.

काटा टांगला. झोळी लावून शून्यावर आणला, जसा मुलांसाठी आणते. झोळी काढली. दावं अडकवलं. नऊशे ग्रॅम.

हंडा झोळीत मोजला होता. सायकल दाव्याला. सव्वीस महिने मी दाव्याचे नऊशे ग्रॅम सायकलीच्या नावावर लिहीत आले होते. मी वही उघडली आणि प्रत्येक आकड्यातून नऊशे वजा करत गेले. पहिल्या वर्षाचा नोव्हेंबर : सतरा किलो पूर्ण. भरला हंडा. त्यानंतर आक्का चौदा महिने धडधाकट होती. चौदा महिने रोज हंडा घेऊन लिंबापर्यंत जात होती.

मी वही आणि दावं घेऊन बप्पांच्या घरी गेले. ते ओसरीत सायकलीची साखळी पुसत होते. कोणी बसणार नाही हे ठाऊक असलेल्या सायकलीची साखळी. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बप्पा, माझी चूक झाली. दाव्याचं वजन मी वजाच केलं नाही.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमची चूक न्हाई बाई. मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्या दिवाळीपसून. दावं हातात घेतलं आन् जाणवलं. बाजारात गेलतो, सोनाराला म्हणलं, मोज. त्यो म्हणला, बप्पा, ह्यात सोनं कुठाय?" ते हसले नाहीत. "बाजारात लोकाची साखळी उतरवणारा माणूस मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार हुतो. पुढल्या पाच तारखेला सांगावं म्हणलं, मग त्याच्या पुढल्या. तवर संक्रांत आली. आक्का म्हणली, तुला बाजरीची भाकर करते, तीळ लावून. म्हणलं, संक्रांत हू दे. मग थंडी सरू दे. मग ऊन लई हाय, माळावर पाणी न्हाई. मग पावसात खडक निसरडा ऱ्हातो." त्यांनी बोटाने साखळी एक घर पुढे सरकवली. "नऊ वर्सं ह्या घरात नुसता माझाच खोकला ऐकला बाई."

"आणि ते बोल्ट? ते कशाला बदलत होता मग?"

"शेजारी बसायची न्हवं का. पाना द्यायची. काम चाललेलं दिसाया पाहिजे."

मला रागवायचं होतं. कोणावर, ते ठरेना. हातात माझी वही होती, माझ्याच अक्षरातली. काटा बघणारी तर मीच होते.

एवढ्यात आतून हाक आली. "बाई आल्यात व्हय? आत या की."

आक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. खाट अशी लावलेली, की खिडकीतून डोंगराची कड दिसावी. पायथ्याशी वॉकर होता आणि वॉकरच्या दांडीला सायकल शिकताना घालायची टोपी अडकवलेली होती. ती बारीक झाली होती. बप्पांसारखी नजर नसूनही मला कळलं, सहा-सात किलो तरी.

"किती भरली गं ह्या बारीला?" तिने विचारलं. "सोप्या सांगतो, पर त्याचा जीव सायकलीत, त्याला कमीच दिसतं. तू वहीतलं सांग. तुझी वही खरी."

बप्पा उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते. मी वही उघडली. पान शोधायची गरज नव्हती, तरी शोधलं. शेवटच्या ओळीत माझ्या हातचा आकडा होता, त्याखाली पेन्सिलने केलेली वजाबाकी होती. सोळा किलो पाचशे.

"सतरा चारशे," मी वाचलं.

आक्काने मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं. "चारशेच ऱ्हायलं की. हंडा गाठला म्हणायचं." मग भावाला म्हणाली, "सोप्या, सीट अजून दोन बोटं खाली घे. ह्यो पाय लई वर न्हाई जायचा आता."

"घेतो," बप्पा म्हणाले.

घरी येऊन मी यादी केली. दुसऱ्या दिवशी जाऊन खरा आकडा सांगायचा, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मिटिंग. मग वाटलं, आक्का जरा चालू लागू दे. मग वाटलं, पाच तारखेलाच करू, रीतसर.

आज पाच तारीख. बप्पा सायकल घेऊन आले नाहीत. कमल त्यांच्या घरी जाऊन आली. म्हणाली, बप्पा आक्काला वॉकरने दारापर्यंत चालवतायत, मागून दोन्ही हात धरल्यासारखे करून, न धरता. सायकल भिंतीला टेकवलीय, सीट पार खाली घेतलीय.

एकवीस मुलांची वजनं झाली. दोघांची घटली, त्यांच्या घरी उद्या जायचं. नव्या काट्याचं झाकण धुतलं. खाऊ वाटला. रजिस्टरावर सही केली. जुना काटा अजून माझ्या कपाटातच आहे, तालुक्यातून दोनदा विचारणा झाली, मी दोन्हीदा पुढच्या आठवड्यात म्हणाले.

आजच्या यादीतलं एक काम बाकी आहे : आक्काच्या खाटेसमोर, दावं उतरवून, सायकलीचं वजन.